दर्यापूरकडच्या एका गावातलं आरओ पाणी केंद्र : नळावर कोणीच बसत नाही

पहिले पाण्याचं सांगतो. आमचा हा सगळा भाग खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला तो पट्टा जिथं बोअर मारली तर पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गुंडाला आतून पांढरा थर धरतो, अन् बाहेरचा पाहुणा पहिला घोट घेतला की तोंड वाकडं करतो. सरकारी मानक आहे आयएस १०५००, ते म्हणते पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. आमच्याकडच्या कित्येक बोअर तो २००० चा आकडा पण ओलांडतात. त्यामुळे इकडं तेल-मिठाच्या यादीतच आरओची, म्हणजे मशीननं क्षार काढलेल्या पाण्याची, कॅन पण येते.

ज्या केंद्राचा रिव्ह्यू लिहून राहिलो ते दर्यापूर-मूर्तिजापूर रोडवरून आत एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, चालवणाऱ्या बायांनीच नको म्हटलं, कारण पुढे येईलच. जवळपासच्यांना मी कोणतं केंद्र म्हणतो ते कळून जाईल. जुन्या कोंडवाड्याच्या बाजूला ग्रामपंचायतीची खोली, आत मशीन, बाहेर भिंतीला दोन नळ. मशीन सगळीकडं असते तशीच, वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, क्षार अडवणारं मेंब्रेन, शेवटी जंतू मारायला यूव्ही लाईट. वीस लिटरची कॅन पाच रुपये, दहा लिटरची तीन. सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. चालवायला महिला बचत गटाकडे दिलेली. माझ्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायच्या यंत्रावर, नळाचं पाणी शंभरच्या आतबाहेर दाखवते. खाऱ्या पाण्याची सवय झालेल्या जिभेला सुरुवातीला फिकं लागते, पण चहा चांगला होतो आणि डाळ कुकरमध्ये लवकर गळते, माझ्या घरी एवढ्यावरच निकाल लागला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या नळावर कोणीच बसत नाही. भिंतीतल्या कोनाड्यात बिनझाकणाची एक बरणी, पैसे तिच्यात टाकायचे, सुटे नसले तर तिच्यातूनच मोजून उचलून घ्यायचे. बाजूला वही अन् दोरीनं बांधलेला पेन, नाव लिहायचं, किती कॅन, रोख का उधार. फोनवरून द्यायचे तर क्यूआर चिकटवलाय पण पैसे आले म्हणून ओरडणारा डब्बा ठेवला नाही. सकाळी गटातली एक ताई मशीन चालू करून वावरात निघून जाते, रात्री दुसरी येऊन बंद करते अन् बरणी घरी नेते. कॅमेरा नाही. महिना संपला की फळ्यावर हिशोब लागतो, मीटरवर किती लिटर गेलं, किती पैसे यायला पाहिजे होते, किती आले. फरक निघतो तो थोड्याशा कॅनींचा, अन् त्यात सांडलवंड पण आलीच.

कोणी म्हणेल त्या गावचे लोकच चांगले असतील. मला हे पटत नाही. आमच्याच भागात दुसऱ्या एका गावात कॉइनवाली मशीन बसवली होती, तिच्यात पोट्टे लोखंडी वायसर टाकून पाणी काढायचे अन् चौकात येऊन त्याची फुशारकी मारायचे, मोठी माणसं पण हसायची. तेच लोक, तीच बोली, तोच तालुका, नातेगोते पण एकमेकांत. मशीनला फसवलं तर ती हुशारी ठरली, बरणीत हात घातला तर ती चोरी ठरते. मशीनच्या मागे कोण आहे ते कोणाला दिसत नव्हतं, बरणीच्या मागे कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे, चार घरं सोडून राहणारी बाई आहे जिचं मेंब्रेन खराब झालं तर नवीन आणायला हेच पैसे लागणार आहेत.

मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजला समाजशास्त्र शिकवतो. लोकरीती आणि लोकनीती हा फरक विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्ये मांडला, पोरं पाठ करून लिहितात अन् विसरून जातात. आता मी त्यांना सरळ या नळाचं उदाहरण देतो. रांगेत घुसलं तर लोक नाक मुरडतात, चार शब्द बोलतात, संध्याकाळपर्यंत विसरतात, ती लोकरीत. बरणीतून पैसे उचलले तर माणूस वाईट ठरतो, त्याच्या पोराच्या सोयरिकीपर्यंत ते बोलणं जाते, ती लोकनीती. कोणताच नियम पोलिसाच्या वहीत नाही तरी दोन्ही चालतात.

एकदा कॉलेजातून येताना थांबलो होतो, चौथी-पाचवीतला एक पोट्टा सायकलला दोन्ही बाजूनं कॅनी अडकवून आला. दोन भरल्या, बरणीत पाचाचा एकच शिक्का टाकला अन् वहीत बसून लिहायला लागला. मी विचारलं, "काबे, इथं कोनी पाहून नाई रायलं, मंग काहून लिहून रायला?"

तो म्हणे, "सर, घरी गेलो का माय इचारते, बाकी लिहून आला का म्हून. तिले खोटं कसं सांगू?"

त्यानं बरणीचं, गटाचं, हिशोबाचं काहीच म्हटलं नाही, माय विचारते एवढंच. नियम भिंतीवर लिहिलाय पण तो टिकतो घराच्या चुलीपाशी, हे मी इतकी वर्षं शिकवतो तरी इतकं स्वच्छ कुठं ऐकलं नव्हतं.

कोनाड्याच्या वर गाडगेबाबांचा फोटो लावलाय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, २००६ ला छापून आला. तिथल्या स्टाफच्या चहा-कॉफीच्या खोलीत असाच बिनमाणसाचा पैशाचा डब्बा होता. वर एका आठवड्याला फुलांचं चित्र लावायचे, दुसऱ्या आठवड्याला माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यात जवळजवळ तिप्पट पैसे जमा झाले. नंतर बाकीच्यांनी असे प्रयोग करून पाहिले तर दर वेळी तसा निकाल काही आला नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांनी माणूस सुधारतो असं मी म्हणणार नाही. इथला फोटो वेगळ्या कारणानं काम करतो असं मला वाटते. बाबा आमच्याच मातीतले, जन्म १८७६ चा, शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात मामाच्या घरी, वावरात राबण्यात अन् गुरं राखण्यात गेलं. ज्या गावात जायचे तिथं पहिले खराटा घेऊन गाव झाडायचे, मग भाकर मागायचे, रात्री कीर्तन. काम केल्याशिवाय खायचं नाही हा त्यांचा नेम इकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आईबापाच्या तोंडून ऐकलेला आहे. त्या फोटोखाली फुकट पाणी भरून नेणं जड जाते, त्यात पाहणाऱ्या डोळ्यांपेक्षा तो ऐकलेला नेम जास्त आहे.

आता सगळं पहिल्या दिवसापासून असंच गुळगुळीत होतं असं समजू नका. एप्रिल-मेमध्ये बोअर खाली जाते, मशीन रडतखडत चालते, अन् लोक रात्रीच कॅनी रांगेत ठेवून घरी झोपायला जायचे. सकाळी पाचला जो खरोखर उभा आहे त्याच्या पुढे वीस कॅनी अन् माणूस एक नाही. गटानं ठरवलं, माणसाशिवाय कॅन दिसली की दहा रुपये दंड. झालं काय, ज्यांच्या खिशात दहा रुपये होते ते आरामात दंड टाकून कॅन ठेवायला लागले. कोणी बोललं तर म्हणायचे, "दहा टाकले ना बाप्पा, आता काय?" आधी निदान मान खाली घालून कॅन ठेवत होते, दंड आल्यावर ती लाज पण गेली, कॅन ठेवायचा हक्कच विकत घेतल्यासारखं झालं.

हे वाचलेलं होतं, डोळ्यासमोर पहिल्यांदा पाहिलं. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला होता, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांचा, २००० साली छापला गेला. आईबाप पोरांना न्यायला उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही. आधी बाईला ताटकळत ठेवलं म्हणून संकोच वाटत होता, दंड आल्यावर ती एक सर्व्हिस झाली, पैसे द्या अन् उशिरा या. इथल्या बायांनी तो अभ्यास वाचलेला नव्हता पण एका उन्हाळ्यात त्यांना तेच समजलं अन् त्यांनी दंड काढला, आणि हैफासारखंच इथंही नुसता दंड काढून भागलं नाही, कॅनी येतच राहिल्या.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. बेवारस कॅन दिसली की गटातल्या दोघी ती उचलून ज्याची त्याच्या घरी नेऊन द्यायच्या आणि दारात विचारायच्या, "भाऊ, तब्येत बरी हाय ना? कॅन एकटीच आलती." एवढंच. शिवी नाही, पैसे नाही. शेजारीपाजारी ऐकायचे. तो उन्हाळा संपायच्या आत रात्रीच्या कॅनी बंद झाल्या.

पण लाजेचा हाच उपाय दुसऱ्या जागी वाईट पण वागला, ते लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. सुरुवातीला फळ्यावर उधारीवाल्यांची नावं लागायची. उधारी भराभर येत होती म्हणून सगळे खूश. अन् एक बाई यायची बंद झाली. नवरा गेलेला, रोजमजुरी, कापूस वेचणी संपली की हातात काहीच नाही. नाव फळ्यावर लागलं त्या दिवसापासून ती परत बोअरचं खारं पाणी पाजायला लागली लेकरांना, कोणाला बोलली नाही. ज्याच्याकडे पैसे असून देत नव्हता तो नाव लागल्यावर हसत भरून गेला, अन् जिच्याकडे नव्हतेच तिला ते नाव चटका देऊन गेलं. गटातल्याच एकीच्या लक्षात आलं तेव्हा मीटिंगमध्ये भांडण झालं, चांगलं तासभर झालं म्हणतात. तेव्हापासून फळ्यावर नावं नाहीत, फक्त एकूण बाकी किती तो आकडा. उधार लय साचली तर ताई घरी जाऊन एकटीलाच विचारते, अन् जमत नसेल तर दोन दिवस खोली झाडून, नळाजवळची जागा धुऊन फिटते. त्या बाईच्या घरी आता हेच पाणी आहे. कोणाला किती लाज द्यायची अन् कुठं थांबायचं हे ज्या गावाला कळत नाही तिथं असे नियम गरिबाच्याच गळ्याशी येतात, हे माझं ठाम मत आहे.

अन् पाणी आणि रीत हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे दुसरी पण एक गोष्ट येते, ती टाळणं बरोबर नाही. हेच "लोक काय म्हणतील" पिढ्यानपिढ्या काही माणसांना विहिरीपासून लांब उभं ठेवत होतं. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता, कागदावर हक्क मिळाला होता, तरी रीत इतकी घट्ट की तो हक्क वापरायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं अन् त्यानंतर लोकांनी मार पण खाल्ला. त्यामुळे गावाची रीत आहे म्हणून ती चांगलीच, असं म्हणणाऱ्याशी माझं कधी जमत नाही. रीत कोणाला आत घेते अन् कोणाला बाहेर ठेवते हे पहिले पाहावं लागते.

या केंद्रावर मी पहिले तेच पाहिलं. चाव्यांची पाळी गटातल्या सगळ्या मोहल्ल्यांतल्या बायांमध्ये फिरते, बौद्धपुऱ्यातली ताई अध्यक्ष आहे, रांग एकच, नळ तेच. सुरुवातीला काही घरची म्हातारी माणसं तिची पाळी असली की पाणी आणत नव्हती. गटानं त्यांच्याशी भांडण केलं नाही, पाळी पण बदलली नाही. घरातली पोरं मात्र यायला लागली, कारण तहान अन् शाळेची बाटली. मग सुना आल्या. एक घर अजून येत नाही. ती ताई मला म्हणाली, "येतीन सर, नाई आले तं त्याईचं त्याईले. नळ काई सरकवत नाई आमी."

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं की पाणी, जंगल, कुरण अशा सामायिक गोष्टी लोक कुठं नीट सांभाळतात अन् कुठं वाटोळं करतात. जिथं टिकलं तिथं वापरणाऱ्यांनीच नियम बनवलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच, पहिल्या चुकीला शिक्षा हलकी, अन् भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात शेतकऱ्यांचं पाण्याचं कोर्ट दर गुरुवारी चर्चच्या दाराशी भरते, वकील नाही, सगळं तोंडी, तिथल्या तिथं निकाल. एवढं लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आहेच, २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, अन् गावाचे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळे हो म्हणेपर्यंत बसतात. या पाणी केंद्राच्या बायांचं पण तसंच चालते, एकीचा विरोध असला की विषय पुढच्या मीटिंगला. वेळ जातो खरा, पण ठरलेलं मोडायला मग कोणी येत नाही.

बाहेरच्या माणसावर मात्र ही रीत चालत नाही, अन् गावाचं नाव न लिहायचं कारण तेच. लग्नसराईत एक पिकअप आली, पंचवीस-तीस कॅनी भरल्या, वहीत काही नाही, बरणीत काही नाही, गाडी निघून गेली. त्या माणसाला इथं कोणी ओळखत नाही, त्याची माय इथं विचारणारी नाही. तेव्हापासून चारपेक्षा जास्त कॅनी असतील तर आधी ताईला फोन, अन् बाहेरगावच्यानं नावासोबत गाव पण लिहायचं. मी बाहेरगावचाच, मला त्यात काही वाईट वाटत नाही.

आता तक्रारी, त्या पण आहेत. मशीनमधून बाहेर पडणारं खराब पाणी, म्हणजे सगळे क्षार ज्याच्यात उतरतात ते, सरळ नालीत सोडलंय अन् पुढे रस्त्यावर डबकं साचते. ते झाडाला किंवा वावरात घालू नये, जमीन आधीच खारवट, पण संडासला, फरशी धुवायला चालते, एक टाकी बसवून नळ काढला तर लोक नेतील. दुसरं, वर्षातून दोनदा तरी पाणी लॅबला पाठवून रिपोर्ट फळ्यावर लावायला पाहिजे. टीडीएस मीटर फक्त क्षार दाखवते, जंतू दाखवत नाही, अन् लोकांचा असा गैरसमज आहे की मीटरवर आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध. हिशोब इतका उघडा ठेवणाऱ्या बायांना रिपोर्ट उघडा ठेवणं काही जड नाही, मी सांगितलंय, पुढच्या मीटिंगला विषय घेतो म्हणाल्या. तिसरं, रांगेवर सावली नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचचं ऊन पण आमच्याकडं डोकं फोडते, म्हाताऱ्या बाया कॅनीवर फडकं टाकून बसलेल्या असतात, चार टिना तरी टाका. लाईट गेली तर काहीच होत नाही, इन्व्हर्टर नाही, लोडशेडिंगचा टाइम पाहूनच निघा.

स्टार द्यायचे तर पाण्याला चार, रिपोर्ट लागला की पाच. सोयीला तीन. चालवणाऱ्या बायांना पाचाच्या वर देता येत नाहीत म्हणून पाच.

जाणार असाल तर कॅन घरून धुऊन न्या, तिथं विसळत बसू नका, मागचे लोक बोलतात. चारच्या वर कॅनी असल्या तर फळ्यावर खाली लिहिलेल्या नंबरवर आधी विचारा. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी शक्यतो टाळा, त्या दिवशी रांग शाळेच्या गेटपर्यंत जाते.